बर्डीच्या कचेरीतले रजिस्टर : कोळसा खाणी सरकारने का घेतल्या आणि घेताना माणसे कशी मोजली

हे प्रकरण कशाचे

'सरकारने खाणी का ताब्यात घेतल्या?' असे वर्गात विचारले की दोन उत्तरे हमखास येतात. एक, समाजवाद. दोन, इंदिराबाईंचे राजकारण. दोन्ही अगदीच खोटी नाहीत, पण त्यांवर परीक्षेतला अर्धा मार्क मिळेल, कळणार काहीच नाही. म्हणून गेली काही वर्षे मी हे प्रकरण वर्गात घेतो.

यातली खाण वर्धा खोऱ्यातली, चांद्याकडची, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडची. कंपनीची मुख्य कचेरी नागपुरात, सीताबर्डीवर. कंपनीचे, गावाचे, कुणाचेच नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मध्यवर्ती माणूस त्या वेळी सव्वीस वर्षांचा पगार कारकून होता. आता पंचाहत्तरी ओलांडून मानेवाड्याकडे लेकीकडे राहतो. मुले त्यांना काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. तीन दुपारी त्यांच्यासमोर बसून हे लिहून घेतले. त्यांच्याजवळ एका पत्र्याच्या पेटीत त्या काळचे काही कागद अजून आहेत, तेही पाहिले.

पार्श्वभूमी

कंपनी घरगुती होती. जमिनीतून तिरप्या उतरत जाणाऱ्या दोन वाटा, म्हणजे इनक्लाइन, एवढीच खाण. बर्डीवर कापडाच्या दुकानाच्या माडीवर कचेरी : आठ माणसे, दोन टाइपरायटर, एक तिजोरी. कोळसा भरणाऱ्या मजुराचा, म्हणजे लोडरचा, पगार आठवड्याचा असे. काकाजी शुक्रवारी रात्री चपराशाला घेऊन पैशांच्या पेटीसह गाडीने निघत, शनिवारी वाटप करत, रविवारी परत येत. "पेटी मांडीवर अन् झोप डोळ्यावर," असे ते त्या प्रवासाचे वर्णन करतात.

खाणीत दोन तऱ्हेची माणसे होती. ओव्हरमन आणि मायनिंग सरदार (खाली देखरेख करणारे), फिटर, हॉलेजवाले (कोळशाचे डबे ओढून वर आणणारे) आणि थोडे लोडर ही कंपनीची माणसे. त्यांची नावे फॉर्म बीच्या रजिस्टरात असत. हे रजिस्टर १९५२ च्या खाण कायद्याने प्रत्येक खाणीला ठेवावेच लागे. त्यात नाव, बापाचे नाव, वय, कामावर लागल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात सही नाहीतर अंगठा. दुसरी माणसे ठेकेदाराची. बहुतेक तेलुगू आणि छत्तीसगढी. तीही त्याच इनक्लाइनने उतरायची, त्याच टबांत, म्हणजे कोळशाच्या डब्यांत, तोच कोळसा भरायची. फरक एवढाच की त्यांचा हिशेब टबांच्या संख्येवर ठेकेदाराशी व्हायचा आणि कंपनीच्या वहीत माणूस नसायचा, ठेकेदाराच्या नावापुढची रक्कम असायची.

हा फरक कुणाला फारसा टोचत नव्हता, कारण दोघांचेही हाल सारखेच होते. १९६७ मध्ये कोळसा वेतन मंडळाच्या शिफारशी आल्या, पण बऱ्याच खासगी मालकांनी त्या धड लागू केल्या नाहीत. या कंपनीत कागदावर नवा दर होता आणि पाकिटात जुना. भविष्यनिधीची कपात व्हायची, भरणा रखडायचा. काकाजी स्वतः ती पत्रके लिहीत, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सरकारपुढची अडचण

आधी एक गैरसमज. कोळशात सरकार १९७३ साली उतरले असे पोरांना वाटते. तसे नाही. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावात कोळसा पहिल्या यादीत होता, म्हणजे यापुढच्या नव्या खाणी सरकार काढणार आणि जुन्या खाणी मालकांकडेच राहणार. त्याच वर्षी राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ निघाले. आपल्याकडची उमरेडची खाण त्या महामंडळाचीच. तेव्हा 'सरकारने कोळसा काढावा का' हा प्रश्न तेव्हाच सुटला होता. उरलेला प्रश्न जुन्या खासगी खाणींचा होता.

त्या खाणी जमिनीखाली काय करत होत्या, हे समजले की पुढचे सगळे समजते. खासगी मालकांना खाणीसाठी मिळालेले जमिनीचे पट्टे लहान होते. दोन पट्ट्यांच्या हद्दीवर कोळशाची जाड भिंत सोडावी लागते, नाहीतर शेजाऱ्याच्या जुन्या पोकळीतले पाणी आपल्या अंगावर येते. पट्टे जितके लहान, तितक्या भिंती जास्त आणि तितका कोळसा कायमचा गाडला जाणार. त्यात मालकाला घाई. थर जाड असला तरी वरचा सोपा, चांगला तेवढा ओढायचा, छत पेलणारे कोळशाचे खांब बारीक करत जायचे, पोकळीत वाळू भरण्याचा खर्च टाळायचा, आणि छत बोलू लागले की खाणीचे तोंड बंद करून दुसरीकडे वळायचे. इंग्रजीत याला खाणीची कत्तल म्हणत. काकाजींच्या खाणीत एक अनुभवी ओव्हरमन होता, तो म्हणायचा, "मालक सीताफळ खाऊन राहिला, गर खाते अन् बिया आमच्या अंगावर थुकते."

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. तेव्हा छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १९६५ मध्ये बिहारातल्या धोरी खाणीत स्फोटाने २६८ जण गेले.

दुसरी अडचण भांडवलाची. १९६७ मध्ये कोळशाच्या किमतीवरचे नियंत्रण उठले, म्हणजे ठरलेल्या भावाची शाश्वती गेली. वर रेल्वे हळूहळू वाफेवरून डिझेलकडे आणि विजेकडे वळत होती, म्हणजे मोठे गिऱ्हाईक हातचे जाणार हे मालकांना दिसत होते. अशा धंद्यात पंधरा वर्षांनी फळ देणारे यंत्र कोण घेणार? उलट सरकारला नेमके पुढच्या पंधरा वर्षांचे दिसत होते : पोलाद वाढणार, औष्णिक वीज वाढणार. आपल्या कोराडीचेच बघा, तिथले संच १९७४ पासून सुरू झाले. केंद्र उभे करायचे आणि कोळसा मात्र माडीवरच्या आठ माणसांच्या कंपनीच्या भरवशावर, हे जमणारे नव्हते. एकाला आजचा नफा हवा आणि दुसऱ्याला वीस वर्षांचा पुरवठा, हा तिढा कुणाच्या हावरेपणाचा नाही, हिशेबाच्या मुदतीचा आहे. माझ्या मते राष्ट्रीयीकरणाचे सगळ्यात खरे कारण हेच. मजुरांचे हाल हे कारणही खरे, पण हाल तर विडी कारखान्यातही होते, आणि विड्यांचे राष्ट्रीयीकरण कुणी केले नाही.

इथेच दुसरा एक गैरसमज खोडून टाकतो. तेलाचा भडका उडाला म्हणून सरकारने कोळसा घेतला, असे अनेक नोट्समध्ये छापलेले असते. तेलसंकट आले ऑक्टोबर १९७३ मध्ये. खाणी त्याआधीच घेऊन झाल्या होत्या. भडक्याने निर्णय शहाणपणाचा ठरवला, पण घडवला नाही.

सरकारपुढचे पर्याय

जमीनजुमला घ्यावा तसे उद्योगही वेगवेगळ्या तऱ्हांनी घेता येतात, आणि ते पाहायला नागपूरच्या बाहेर जायची गरज नाही.

पहिला पर्याय नियमांचा : मालकी त्यांचीच, पण वाळू भरा, खांब सोडा, वेतन द्या. १९५२ पासून कोळशाचे जतन आणि सुरक्षितता यांसाठी कायदा होता, अनुदानही होते. वीस वर्षे हा पर्याय वापरून झाला होता. शेकडो लहान खाणींत रोज खाली उतरून कोण तपासणार, इथे तो अडला.

दुसरा, लहान खाणी एकमेकींत मिसळण्याचा. ऐच्छिक ठेवला तर कुणी पुढे येत नाही. सक्तीचा केला तर तो राष्ट्रीयीकरणाचाच चुलतभाऊ.

तिसरा, हिस्सा विकत घेत घेत आत शिरण्याचा. याचे उदाहरण मॅंगनीज. परदेशात नोंदलेल्या जुन्या कंपनीच्या मालमत्तेवर १९६२ मध्ये ५१ टक्के सरकारी भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये घेतले. ती कंपनी म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल. एका मोठ्या कंपनीशी वाटाघाट करता येते. शेकडो मालकांशी टेबलावर बसायचे तर शेवटच्या मालकाची पाळी येईपर्यंत पहिल्याची खाण रिकामी व्हायची.

चौथा, सरसकट ताबा. तो दोन हप्त्यांत घेतला गेला, आणि दोन हप्त्यांची कारणे वेगळी होती, हे फार कमी लोक सांगतात. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोकिंग कोळसा देशात थोडा. तो उधळला जाऊ नये म्हणून ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या खाणींचे व्यवस्थापन घेतले आणि १ मे १९७२ पासून मालकी : २१४ खाणी, १२ कोकभट्ट्या. आपल्याकडचा कोळसा कोकिंग नव्हे, त्यामुळे बर्डीवरची मंडळी निर्धास्त होती. पण त्यांचा धंदा वीज आणि कारखान्यांचा, आणि तिथे मुदतीचा तिढा होताच. ३० जानेवारी १९७३ ला अध्यादेश निघाला, ३१ ला व्यवस्थापन गेले, १ मे १९७३ ला मालकी. ७११ खाणी. पोलाद कंपन्यांच्या स्वतःसाठीच्या काही खाणी तेवढ्या वगळल्या. हे घडवून आणणारे पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम त्याच मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीजवळच्या विमान अपघातात गेले. घडी बसलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

पैशाचे काय? १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा भरपाईच्या मुद्द्यावर रद्द केला होता. तो ठेच लागलेला अनुभव ताजा होता. पंचविसाव्या घटनादुरुस्तीने 'भरपाई' हा शब्दच काढला आणि 'रक्कम' हा आणला. भरपाई म्हटले की बाजारभाव विचारता येतो, रक्कम म्हटले की ती कायद्यात लिहिलेली असते. खाणींच्या कायद्यालाही मग एक परिशिष्ट जोडले : खाणीचे नाव आणि पुढे रक्कम.

या सगळ्याला पाचवी एक तऱ्हा जोडतो, कारण नागपूरकर तीच धरून बसतात. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद झाली. 'सरकारने घेतले की बुडते' याचा पुरावा म्हणून ती सांगितली जाते. पण ती घेतली होती मजुरांचा रोजगार वाचवायला, कोळसा घेतला होता पुरवठा वाढवायला. ज्या कारणाने घेतले त्या कारणाचेच फळ यायचे. गिरणी सोळा वर्षे पगार देत राहिली, नवे माग देऊ शकली नाही.

३१ जानेवारीची सकाळ

बुधवार होता. "आमाले पानठेल्यावर समजलं," काकाजी सांगतात. "रेडिओवर सांगून राहिले होते का खाणी सरकारनं घेतल्या. मी म्हटलं, आता शनिवारी पगार कोन देईन?"

ताबा असा अचानक का घ्यावा लागतो, हे सांगायला हवे. आधी जाहीर केले की यंत्रे विकली जातात, खाण गहाण पडते, वह्या बदलतात. ब्रिटनने १ जानेवारी १९४७ ला खाणी घेतल्या तेव्हा खाणीखाणीवर फलक लावून, वाजतगाजत घेतल्या. आपल्याकडे रातोरात. गुपित ठेवल्याचा फायदा झाला, यंत्रे जागेवर राहिली. पण गुपिताची एक किंमत असते. आत किती माणसे काम करतात हे आधी मोजता येत नाही.

अकराच्या सुमारास कस्टोडियनची, म्हणजे सरकारने ताब्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, दोन माणसे माडीवर आली. तिजोरीला सील, चेकबुके ताब्यात. वह्यांना मात्र सील लागले नाही, कारण पगार वाटायचा होता. आठवड्याच्या आत, ताब्याच्या दिवशी रजिस्टरावर असलेल्या सगळ्या माणसांची यादी द्यायची, असे काकाजींना सांगण्यात आले. खाणीवरच्या रजिस्टराची दुसरी प्रत बर्डीवर असे. ती काकाजींच्या अक्षरात होती आणि तिच्यात मागे पाच पाने कोरी होती.

कारकुनापुढचे पर्याय

"रजिस्टर म्हणजे आमचा सातबारा होता सर. नाव लागलं तं मालक, नाही लागलं तं वाटसरू."

हे त्या दिवशी सगळ्यांना एकदमच उमगले. गुरुवारी संध्याकाळी कंपनीचे मुनीमजी एक चिठ्ठी घेऊन आले. अठरा नावे. मालकांचे भाचे, गाडीवाल्याचे मेहुणे, एक तर मुनीमजींचा पुतण्या, जो तेव्हा बर्डीवरच्या एका दुकानात कपडे मापत होता. कामावर लागल्याची तारीख १९७१ ची टाका, म्हणाले. झरिया-धनबादकडे तर या प्रकाराने खऱ्या माणसांना हुसकून खोटी घुसवल्याच्या तक्रारी खूप गाजल्या. इथे प्रमाण लहान होते, जात तीच.

शनिवारी पगार वाटायला ते खाणीवर गेले तेव्हा ठेकेदाराच्या लोडरांचा मुकादम भेटला. त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती, त्याने बोटांवर नावे मोजली. एकतीस. त्यातले काही आठ-आठ वर्षे उतरत होते. त्याचीही मागणी तीच : मागच्या पानांवर घ्या.

म्हणजे पर्याय असे होते. आहे ती यादी द्यायची आणि हात झटकायचे, म्हणजे अठरा खोटेही बाहेर आणि एकतीस खरेही. दोन्ही चिठ्ठ्या चढवायच्या, सगळे खूश. अठरांना नकार देऊन एकतीस तेवढे मागच्या तारखेने चढवायचे. हा तिसरा पर्याय वर्गात सगळ्यात जास्त मते घेतो, आणि खरे सांगायचे तर मीही तिथेच हात वर केला असता.

काकाजी दोन रात्री झोपले नाहीत. "शाई तीच, पेन तोच, अक्षर माझंच. कोन पाहते?" मग त्यांना अडवले कशाने? भीती होतीच, ते लपवत नाहीत. लग्न होऊन वर्ष झाले होते. पण दुसरे एक कारण होते. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे मुख्यालय तेव्हा नागपुरात होते, आणि त्या मंडळाच्या वर्गाला ते जाऊन आलेले. तिथे एका शिक्षकाने सांगितलेले त्यांच्या डोक्यात बसले होते : एकदा खोटी नोंद घातली की खऱ्या नोंदीही संशयात जातात. रजिस्टर उद्या कुणी उलगडले आणि मागच्या पाच पानांची शाई ताजी निघाली, तर अठरा आणि एकतीस एकाच टोपलीत जाणार.

काय केले

त्यांनी रजिस्टर जसेच्या तसे उतरवून पहिली यादी केली. कोऱ्या पाच पानांवर लाल शाईने आडव्या रेघा मारल्या आणि कस्टोडियनच्या माणसाची त्यावर सही घेतली. हे मला या प्रकरणातले सगळ्यात धाडसाचे काम वाटते, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

मग दुसरी यादी. शीर्षक : ठेकेदारामार्फत खाली उतरणारी माणसे, पुराव्यासह. ही त्यांना कुणी मागितली नव्हती. पुरावे त्यांनी असे गोळा केले.

बत्तीघर. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याचा दिवा घ्यावाच लागतो, मग तो कुणाचाही माणूस असो. दिवा घेताना पितळी बिल्ला ठेवायचा. ठेकेदाराच्या माणसांचे बिल्ले वेगळे होते, त्यांवर 'ठे' कोरलेले. बत्तीवाल्याच्या वहीत रोज बिल्ल्याचा आकडा आणि पुढे नाव. दोन वर्षांच्या वह्या शाबूत होत्या. फक्त नावांचे हाल : तेलुगू नावाच्या शेवटचा 'य्या' मराठी बत्तीवाल्याने सरळ 'जी' करून टाकलेला, त्यामुळे एकच माणूस तीन वह्यांत तीन नावांनी. काकाजींनी नाव सोडले आणि बिल्ल्याचा आकडा धरला.

टब-चिठ्ठ्या. लोडरने भरलेल्या टबाची चिठ्ठी मुकादमाकडून ठेकेदाराकडे आणि तिथून कचेरीत बिलासोबत यायची. मागे बिल्ल्याचा आकडा असे.

आणि अपघाताची वही. ठेकेदाराचा माणूस मजुरीच्या वहीत नसला तरी जखमी झाला की अपघाताच्या वहीत येतो, कारण तिथे खाणी तपासणाऱ्या सरकारी खात्याची भीती असते. चार नावे तिथे सापडली. त्यातल्या एकाची दोन बोटे टबाच्या कपलिंगमध्ये गेली होती. दोन वर्षे तो कंपनीचा कोणी नव्हता, बोटे गेली त्या दिवशी मात्र तारीख-वेळेसह कंपनीचा होता.

एकतीस ओळी, पाच रकाने, दोन प्रती. एक कस्टोडियनच्या कचेरीत, एक आपल्या पेटीत. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मुनीमजींची चिठ्ठी त्यांनी परत केली.

काय झाले

लगेच काहीच नाही. ठेकेदार होता तसा राहिला, फक्त बिल आता सरकारी कचेरीत जाऊ लागले. मालक बदलला म्हणजे मालकपण बदलले, असे नसते. दोन वर्षे हेच.

हलले ते १९७५ मध्ये. पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला आणि रजिस्टरावरच्या माणसाचा पगार ठेकेदाराच्या माणसापासून एकदम लांब गेला. फेब्रुवारीत, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली, कोळसा काढणे, भरणे-उतरवणे अशा कामांत ठेकेदारी बंद करणारी अधिसूचना निघाली. मग प्रश्न आला की ठेकेदाराची म्हणजे कोणती माणसे घ्यायची. तेव्हा कुणाला तरी त्या शिक्क्याच्या यादीची आठवण झाली.

एकतीसपैकी एकोणीस घेतले गेले. पाच तोवर गावाकडे निघून गेले होते, निरोप पाठवूनही आले नाहीत. सातांची नावे छाननीत कटली, बिल्ल्याचा आकडा मधल्या काळात दुसऱ्याला दिलेला निघाला म्हणून. बोटे गेलेला माणूस एकोणिसांत होता, आणि पुढे पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारा, म्हणून निवृत्त झाला.

अठरांचे काय? खाणीवरच्या मूळ रजिस्टरात, जिथे लाल रेघा नव्हत्या, त्यातले सहा कुठून तरी शिरले. मुनीमजींचा पुतण्या त्यांत होता. तो चांगला टाइमकीपर निघाला, असे काकाजीच सांगतात. काकाजींची बदली त्याच वर्षी झाली. ती यादीमुळे की सहज, यावर ते बोलत नाहीत.

मोठ्या हिशेबाचे बोलायचे तर ज्या कारणाने खाणी घेतल्या ते साधले. नोव्हेंबर १९७५ मध्ये कोल इंडिया झाली, आपल्या भागासाठी वेस्टर्न कोलफील्ड्स, मुख्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये. सुरुवातीला कोल इंडियाचे उत्पादन वर्षाला ८ कोटी टनांच्या आतबाहेर होते, २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटी टनांच्या पुढे गेले. पट्ट्यांच्या हद्दी पुसल्या गेल्यामुळे मोठ्या खुल्या खाणी काढता आल्या. पण त्याच खुल्या खाणींनी लोडर नावाचा माणूस संपवला. कधीकाळी सहा लाखांवर असलेले मनुष्यबळ आता सव्वादोन लाखांच्या घरात आहे. आणि मालक सरकार, किंमत ठरवणारे सरकार, मोठे गिऱ्हाईक सरकारी वीज मंडळ, असा तिहेरी कारभार २००० मध्ये किमती पूर्ण मोकळ्या होईपर्यंत चालला. त्यात तोटा कुणाच्या खात्यावर जातो हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

सुरक्षिततेचे मात्र मालकी बदलून आपोआप झाले नाही. चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला पाणी घुसून ३७५ माणसे गेली. ती खाण तेव्हा सरकारी व्यवस्थापनाखालीच होती.

राष्ट्रीयीकरणाचा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला आणि २०२० पासून खासगी कंपन्यांना बाजारात विकण्यासाठी खाणींचे लिलाव सुरू झाले. वर्गात पोरे विचारतात, मग पहिला निर्णय चुकला होता का? १९७३ ला भांडवल घालायला कुणी तयार नव्हते, आज रांग आहे. परिस्थिती उलटली की उत्तर उलटते. मला यात विसंगती दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

सरकारच्या बाजूने : ३१ जानेवारी ते १ मे या तीन महिन्यांत गुपित ठेवायचे काहीच उरले नव्हते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक इनक्लाइनच्या तोंडाशी तिन्ही पाळ्यांना एक कारकून बसवून उतरणारी डोकी मोजली असती, तर रजिस्टराला खोटे ठरवणारा दुसरा आकडा हाती आला असता. मागितली यादी, मोजली नाहीत माणसे. यादी मागितली की ज्याच्या हातात पेन तो सरकार होतो.

काकाजींच्या बाजूने : त्यांना विचारले तर ते म्हणतात तिसरी प्रत काढून केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे टाकायला हवी होती. मग दोन वर्षे गेली नसती आणि ते पाच गावाला गेले नसते. लाल रेघा खाणीवरच्या प्रतीवरही मारून घ्यायला हव्या होत्या, हे मी सुचवले. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दुपारी यादीची प्रत मी उलटी केली. मागे पेन्सिलने नऊ नावे होती, सगळी बायकांची. ही कोण? खाली बायकांना उतरायला कायद्याने बंदी होती, त्या वर साइडिंगला, म्हणजे रेल्वेच्या बाजूच्या रुळांवर, वॅगनमध्ये कोळसा भरायच्या. ठेकेदाराच्याच. बहुतेक या एकतिसांपैकी कुणाच्या तरी घरच्या. काकाजींनी नावे तर लिहून घेतली होती, पण पुढचे रकाने भरता आले नाहीत. वर काम करणाऱ्याला दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणून बिल्ला नाही, टब नाही म्हणून चिठ्ठी नाही. म्हणून त्या दुसऱ्या यादीतही आल्या नाहीत.

मी विचारले, "मग त्यांचा पुरावा कुठून काढला असता?"

काकाजी बराच वेळ त्या पेन्सिलीच्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टोपल्या. दर सोमवारी स्टोअरमधून नवी टोपली मिळे त्याइले, अंगठा घेऊन. टोपल्यांचं पुस्तक होतं ना सर. मले सुचलंच नाही."